अजून फक्त चार मैल

मंगळवार, ८ जुलै

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नदीन, तुझा रक्तदाब वाढलाय. राग आला की ओरडू नकोस, लिहून काढ." म्हणून ही वही. पहिला राग लोवेलवर.

लोवेल माझा धाकटा भाऊ. तो फिनिक्सला असतो आणि फोनवरून हुकूम सोडतो. आज सकाळचा हुकूम असा: "सोमवारी डॅडींच्या लायसन्सची नजरतपासणी आहे. त्याच्या आत त्यांच्याकडून पिकअप ट्रकची किल्ली काढून घे. मी इथल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीये. पत्ते आहेत, पोहायला तलाव आहे, सगळं आहे."

"मग तूच ये आणि घे किल्ली."

"तुझं ऐकतात गं ते."

ऐकतात डोंबल!

डॅडी त्र्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून एकटेच राहतात, गावाबाहेर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला. साधं दूध आणायचं तरी अर्धा तास गाडी हाकावी लागते. किल्ली गेली की घर गेलं. हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. तरी मी लोवेलला "बघते" म्हणाले आणि ट्यूसॉनहून इथे आले. येऊन बघते तर म्हातारबुवा टोपी घालून पायरीवर तयार. शेजारी बॅग.

"नेडी, मला एक फेरी मारायचीये. न्यू मेक्सिकोपर्यंत जाऊ, परत येऊ. रविवारी घरी."

"जुलैत? या उन्हात? आणि वादळं सुटलीयेत ती?"

"सोबत चल नाहीतर मी एकटा जातो."

डॅडींनी आयुष्यभर हायवेच्या कडेच्या पाट्या रंगवल्या. 'दोन डोक्यांची घोरपड! अजून साठ मैल!' 'उलटा धबधबा! चुकवू नका!' पोरं मागच्या सीटवरून आईबापांचं डोकं खायची, आणि आईबाप गाडी वळवायचे ते डॅडींच्या अक्षरांमुळे. गंमत म्हणजे स्वतः त्यांनी यातलं एकही आश्चर्य पाहिलेलं नाही. पाटी झाली की पुढची पाटी. आता म्हणे सगळं एकदा बघून घ्यायचंय.

मी मनात म्हटलं, बरंच झालं. वाटेत गोडीगुलाबीने किल्लीचा विषय काढू.

घरापासून हायवेपर्यंत तेच चालवत होते. समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं ही आमच्याकडची रीत. डॅडींनी पत्रपेटीलासुद्धा बोट उचललं. वयानं माणूस नम्र होतो म्हणतात ते खरं असावं. कोपऱ्यावर आईची जुनी पाटी अजून उभी आहे, 'ताजी अंडी'वाली. रंग उडून नुसती फळी राहिलीये.


बुधवार, ९ जुलै

गरम! ट्रकचा एसी तीन उन्हाळ्यांपूर्वी वारला. खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा. मी चालवतेय, डॅडी शेजारी बसून पाट्या वाचतायत.

आणि नजर म्हणाल तर घारीची! मला लांबवर नुसता एक पांढरा ठिपका दिसतो तोवर हे मोठ्याने वाचून मोकळे: "'थंडगार पाणी फुकट, अजून अकरा मैल!'" जवळ गेल्यावर बघते तर पाटी इतकी विटलेली की मला शेवटचं उद्गारचिन्ह तेवढं दिसलं. लोवेल, ऐकतोयस का? म्हणे नजर गेलीये! मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, मला असं वाचता येत नाही.

थट्टा करायची सवयही तशीच आहे. अपघाताच्या केसेस घेणाऱ्या एका वकिलाची भलीमोठी जाहिरात आली. नुसते दात आणि मिशा. डॅडी गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "'दोन डोक्यांची घोरपड! अजून चाळीस मैल!'" मी हसून हसून ट्रक जवळजवळ खड्ड्यात घातला. तेही हसले, जरा वेळानं.

उलटा धबधबा सापडला. पत्र्याची शेड, आत एक पाइप, पाइपाखाली पंप, आणि पंप बंद. एक बाई खुर्चीत बसून वारा घेत होती. म्हणाली, "पंप मार्चपासून बिघडलाय. आठवण म्हणून कॉफीचा मग घ्यायचा का?"

डॅडी ट्रकमधून उतरलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. "तू बघून ये आणि मला सांग. नीट सांग हं, सगळं."

मी सांगितलं. पाइप, गंज, पाइपाला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी, बाईच्या पायातले वेगवेगळे मोजे. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मोज्यांवर आले तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. "बाप रे! आणि मी तिथे लिहिलं होतं, 'निसर्गाचे नियम मोडताना पाहा'!"

लॉर्ड्सबर्गच्या मोटेलात उतरलोय. खोलीत शिरताच म्हणाले, "न्हाणीघरात दिवा राहिलाय, बंद कर." तिथून! बघा, म्हणजे नजर आहेच.

एकच खटकलं. सबंध संध्याकाळ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी. पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं तर म्हणाले, "हात बसतोय का बघतोय, अक्षरांचा." पाट्या रंगवणाऱ्याच्या तोंडात अक्षरं नाही येणार तर काय अभंग येणार?


गुरुवार, १० जुलै

सकाळी डॅडींनी पॅनकेकवर पाकाऐवजी तिखट लाल सॉस ओतला. बदाबदा.

"डॅडी, हे काय?"

"नवीन पद्धत आहे. खाऊन बघ."

नाकाडोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत सगळं संपवलं. ताटात एक तुकडा ठेवला नाही. जिद्दी माणूस.

घोरपड! साठ मैल पाट्या वाचत गेलो, आणि शेवटी काय? काचेच्या पेटीत प्लास्टरची घोरपड. दुसरं डोकं कधीतरी निखळून पडलेलं, ते शेजारी ठेवलंय. खाली चिठ्ठी: 'कृपया जुळवून पाहावे'. जुळवून काय पाहावे, कपाळ?

डॅडी आत आले होते, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून मागेच उभे. "सांग ना, कशी आहे?"

"समोर तर आहे, बघा की."

"तू सांगितलंस की मजा येते."

मालक म्हातारा होता, केसाळ कानांचा. मी म्हटलं, "याच पाट्या रंगवल्यात यांनी." तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "मिस्टर प्रुइट? अहो, तुमच्या पाट्या चांगल्या होत्या म्हणून लोक घोरपडीवर चिडायचे!" दोघं अर्धा तास रंगांच्या डब्यांवर बोलत बसले. मला वाळक्या मांसाची पाकिटं फुकट मिळाली. चामडं बरं.

दुपारी डोंगरात पाऊस कोसळला आणि पुढचा कोरडा ओढा भरून आला. तपकिरी पाणी, त्यात कोणाची तरी खुर्ची वाहत चाललेली. रस्त्यावर अडथळा लावलेला, आणि एक शहाणा तो बाजूला सारून गाडी घालायला निघाला. मी खिडकीतून बसवाल्या आवाजात ओरडले, "मागे घे!" त्याने घेतली. (डॉक्टरीणबाई, हे ओरडणं धरायचं नाही.)

पाणी उतरेपर्यंत हॉटेलात बसलो. पीचचा पाय खाल्ला, फळं भरून भाजलेला तो गोड प्रकार. तिथे मी हळूच विषय काढला. "डॅडी, समजा, समजा हं, सोमवारी तुम्ही नापास झालात..."

"होणार नाही."

"पण समजा."

"नेडी, तुझ्या आईच्या हातची फळी आहे त्या कोपऱ्यावर. मी तिथून पत्ते खेळायला हलणार नाही." मग म्हणाले, "तुझा पाय संपला असेल तर माझा घे." मी घेतला. विषय राहिला.


शनिवार, १२ जुलै

काल काही घडलं नाही. घाम आला, एवढंच. आज मात्र घडलं.

परतीच्या वाटेवर माझी कंबर धरली. डॅडी म्हणाले, "सरळ रस्ता आहे, मी घेतो." घारीची नजर, म्हणून दिला. तासभर छान चालवलं. जरा हळू, पण छान. आणि मग दक्षिणेकडून ती आली. धुळीची भिंत. आकाशाएवढी, मातकट, जमिनीवरून सरकत.

"डॅडी! धूळ!"

इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं ते. रस्ता सोडून पूर्ण बाजूला उतरायचं, सगळे दिवे बंद करायचे, ब्रेकवरून पाय काढायचा आणि गप्प बसायचं. मागचा लाल दिवा जळत राहिला तर मागून येणारा तोच रस्ता समजतो आणि येऊन आदळतो. बसमधल्या मुलांकडून मी हे घोकून घ्यायचे.

डॅडींनी उजवी चाकं कडेच्या खडबडीत पट्ट्यावर घेतली, आवाजावरून अंदाज घेत अलगद खाली उतरवली. दिवे बंद. पाय वर. इंजिन बंद. पुढच्याच क्षणी सगळं नाहीसं झालं. हात नाकासमोर धरला तर हात नाही. ट्रक गदागदा हलत होता, दातांत वाळू कचकचत होती. मी त्यांचा दंड धरून बसले. मी, सत्तावन्न वर्षांची घोडी.

ते मात्र अगदी निवांत. म्हणाले, "आता बघ, सगळे सारखेच."

वीसेक मिनिटांत धूळ गेली. ऊन पडलं. आमच्या मागेपुढे थांबलेल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. डॅडी तसेच बसलेले, हात मांडीवर.

मग विचारलं, "गेली का गं?"

"कधीच!"

"मग सांगायचं नाही का?" असं म्हणाले, आणि थांबून, "तूच घे आता. कंबर बरी असेल तर."

समोरच्या काचेवर धुळीचा हा एवढा थर होता. म्हणून दिसलं नसेल. काचेमुळेच. बाजूच्या खिडक्या मात्र स्वच्छ होत्या.


रविवार, १३ जुलै

सगळं नीट लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

शेवटचं ठिकाण राहिलं होतं: 'वाळवंटातलं गाणारं कारंजं! पाहिल्याशिवाय मरू नका!' डॅडींची सगळ्यात लाडकी पाटी. मालकाने नुसतं 'कारंजं' सांगितलं होतं, 'गाणारं' आणि 'मरू नका' हे डॅडींनी पदरचं घातलं. आई दर वाढदिवसाला म्हणायची, मला ते गाणारं कारंजं दाखवा. हे म्हणायचे, अगं, मीच लिहिलंय ते, मला माहीत आहे काय गातंय!

पोचलो. काही नाही. म्हणजे खरोखर काही नाही. सिमेंटचा एक गोल कठडा, आत वाळू, वाळूत एक टायर. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

आज ते उतरले. टोपी काढून हातात घेतली. कठड्यापासून चार पावलांवर उभे राहिले, तोंड भलतीकडे, त्या काटेरी झुडपाकडे. आणि म्हणाले, "सांग, नेडी."

पत्रपेटी, वकील, सॉस, काल धूळ गेल्यावर मांडीवर ठेवलेले ते हात, सगळं एकदम समोर आलं. इतकी कशी मी बावळट!

मी तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलत गेले. "केवढं मोठं आहे हो, डॅडी! तीन थरांचं. पांढरा दगड. कडेने मासे कोरलेत, त्यांच्या तोंडातून पाणी."

"मासे किती?"

"सात."

"गातंय का?"

"आत्ता थांबलंय. दुपारची सुट्टी असते त्याला."

त्यांनी टोपी तोंडासमोर धरली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते!

"नेडी, चाळीस वर्षं मी हायवेभर थापा रंगवल्या," ते डोळे पुसत म्हणाले, "पण कारंज्याला दुपारची सुट्टी? एवढी मोठी थाप मीसुद्धा कधी मारली नाही."

मग मीही हसले, आणि रडले, आणि कठड्यावर बसले. ऊन होतं, बुडाला चटका बसला.

"कधीपासून?"

"थंडीपासून. मधलं जातं, कडेकडेचं राहतं. आत्ता तू बोलतेयस ना, तर मला तुझे कान तेवढे दिसतायत. आईवर गेलेत."

"आणि ते डी, ई, एफ, पी?"

त्यांनी चक्क मान खाली घातली. नजरतपासणीच्या यंत्रातली शेवटची ओळ होती ती! सकाळच्या कॉफीला जमणाऱ्या म्हाताऱ्यांची कमाई. जो पास होतो तो पुढच्याला सांगतो. होलिस म्हणे त्याच ओळीवर दोनदा पास झालाय. अरे देवा, मी इथे आले की होलिसचा तो पिवळा ट्रक हमखास माझ्या मागे असतो!

"डॅडी, काल आपण मेलो असतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला. "रात्रभर तेच डोक्यात होतं. पण घर, नेडी."

मी त्यांना हाताला धरून ट्रकमध्ये बसवलं. घरी आलो. उद्या तपासणी. त्यांना ओळ तोंडपाठ आहे, ते पास होणार. मग? लायसन्सच्या खिडकीतल्या बाईला सांगून टाकू? बापाची चुगली करू? नाही सांगितलं आणि त्यांनी कोणाला उडवलं तर? लोवेलला फोन करावासा वाटला. केला नाही.


सोमवार, १४ जुलै

सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ट्रक मी चालवला. वाटेत सांगायचं म्हणून चार वाक्यं जुळवली होती, एकही तोंडातून निघालं नाही.

लायसन्सच्या ऑफिसात खिडकीवर योलांडा होती. माझ्या बसमधून जायची ती, लहानपणी. म्हणाली, "या आजोबा. कपाळ इथे टेकवा आणि शेवटची ओळ वाचा."

मी पुढे झाले. "योलांडा, जरा ऐक..."

डॅडींनी कपाळ टेकवलं न टेकवलं तोच खणखणीत आवाजात सुरू: "डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

योलांडा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मी अजून यंत्रातला दिवाच लावला नाही."

रांगेतला कोणीतरी फिसकन हसला. मग योलांडा हसली. आणि सगळ्यात मोठ्याने कोण, तर डॅडी! टोपी काढून त्यांनी सगळ्या ऑफिसला सलाम ठोकला. मग खिशातून किल्ली काढली, माझा हात उघडला आणि तळव्यावर ठेवली.

"घे. घाई नडली."

बिचारे. इतकं पाठ केलं आणि घाई नडली. पण एक कोडं आहे. दिवा लागलाय की नाही हे तर त्यांना चांगलं कळतं, मोटेलात लांबून कळत होतं. घाबरली की म्हातारी माणसं अशीच गोंधळतात, दुसरं काय.

संध्याकाळी लोवेलचा फोन.

"किल्ली मिळाली?"

"मिळाली."

"शाब्बास! मग ती खोली नक्की करतो."

"कर. तूच जाऊन राहा तिथे. पत्ते आहेत, तलाव आहे."

डॅडी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हणाले, "ड्रायव्हर म्हणून ठेवतो तुला. पगार नाही, जेवणखाण मिळेल."

"जेवण कोण करणार?"

"तूच."


रविवार, १० ऑगस्ट

वहीला बरेच दिवस हात लागला नाही. रक्तदाब उतरलाय, डॉक्टरीणबाईंना वाटतं लिहिल्यामुळे. मी ट्यूसॉनची जागा सोडली, माझ्या जुन्या खोलीत सामान लावलं. रोज सकाळी डॅडींना कॉफीला नेते. होलिसलाही नेते, त्याचा पिवळा ट्रक आता अंगणात कोंबड्यांना दिलाय. त्या कॉफीच्या टेबलावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात आईच्या फळीचं काम निघालं. डॅडींनी रुंद ब्रश घेतला, मी मागे उभी राहून ओरडत होते, "वर! डावीकडे! अहो, फळी संपली, तुम्ही हवेत रंगवताय!" एक ओळ जरा डोंगर चढलीये, पण अक्षर अजून तेच, लांबून वळायला लावणारं. पाटी अशी:

'जगातला एकमेव आंधळा पाटी-पेंटर! जिवंत! कॉफी फुकट! अजून फक्त चार मैल!'

मी म्हटलं, या धुळीत कोण चार मैल आत येतंय? आज आले. ओहायोचं जोडपं, भाड्याची गाडी, नाकाला पांढरं मलम. डॅडी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसले होते. जोडप्याने त्यांच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं. कॉफी प्यायली. मग बाई नवऱ्याच्या कानाला लागली, पण आमच्या व्हरांड्यात सगळं ऐकू येतं.

"बस, एवढंच? याच्यासाठी हायवे सोडला?"

डॅडींनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आई असती तर म्हणाली असती, आता हे आठवडाभर जमिनीवर येत नाहीत. त्यांनी टोपी उचलून बाईला अभिवादन केलं.

"निराश झालात ना? अगदी?"

बाई ओशाळली. "नाही हो, तसं नाही..."

"खरं सांगा, लाजू नका."

"थोडीशी झाले."

"नेडी!" डॅडींनी घरात हाक मारली. "यांना आणखी कॉफी दे. आणि पीचचा पाय राहिला असेल तर तोही आण."

राहिला होता. मी घेऊन आले आणि खुर्ची ओढून त्यांच्यात बसले.